गडग्याचा वाद दिल्लीला कधी जातो?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले हायकोर्टाचे खटले मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापूरला जायला लागले. कोल्हापूर, सातारा, सांगली आणि सोलापूर हे बाकीचे चार जिल्हे. रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आले होते. ऑक्टोबरात मंडणगडच्या कोर्टाच्या नव्या इमारतीसाठी ते कोकणातही आले. पेपरात हे सगळं वाचून नववी-दहावीची मुलं विचारतात, "बाई, कोल्हापूरचा कोर्ट मोठा काय दिल्लीचा?" आणि त्याच्या पाठोपाठ, "मगे आमच्या बागेची केस आता दिल्लीक जातली काय?"

प्रश्न अगदी रास्त आहेत. आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती करतात, ते ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, एवढं मुलं पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण हे न्यायालय दिवसभर नेमकं करतं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "सगळ्यात मोठं कोर्ट. तिथे शेवटचा निकाल लागतो." घरच्या मोठ्या माणसांचीही समजूत साधारण हीच असते. ती अर्धीच बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालय समजायचं असेल तर कोण जिंकलं यावर न थांबता, कोर्टाने कारण काय दिलं तिथपर्यंत मुलांना न्यायला हवं. एवढ्याचसाठी हा लेख.

आधी गडग्यापाशी जाऊ

समजा, देवगड तालुक्यातल्या एका वाडीत दोन चुलतभावांच्या हापूसच्या बागा एकमेकींना लागून आहेत. मधे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. एक म्हणतो, गडगा आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. दुसरा म्हणतो, तू तो सरकवलास, त्या पट्टीतली तीन कलमं माझी. गावकीत बसून झालं, मोजणी झाली, तरी मिटलं नाही. मग दावा देवगडच्या दिवाणी कोर्टात लागतो.

खरी झटापट इथेच होते. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, शेजारपाजारचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी. गडगा सरकला की नाही, हे या कागदांवरून आणि या माणसांच्या तोंडून ठरतं. निकाल पटला नाही तर ओरोसला जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, आणि तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो. त्यानंतर हायकोर्ट, म्हणजे आता कोल्हापूर. पण दुसऱ्या अपिलात हायकोर्ट गडगा कुठे होता हे सहसा पुन्हा उकरत नाही. कायद्याचा एखादा महत्त्वाचा प्रश्न निर्माण झाला असेल, तरच ते अपील ऐकतं.

थोडक्यात, कोल्हापूरचं बेंच हे नवं हायकोर्ट नाही आणि सुप्रीम कोर्टाची शाखा तर नाहीच. मुंबई हायकोर्टाचेच न्यायाधीश तिथे बसून काम करतात, एवढाच त्याचा अर्थ. पक्षकाराचा प्रवास आणि मुंबईचा मुक्काम वाचला, ही गोष्ट मात्र छोटी नाही.

दिल्लीत साक्षीदार नसतात

सिनेमात दिसतं ते कोर्ट मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पिंजऱ्यातला आरोपी, धावत येणारा साक्षीदार, न्यायाधीशांच्या हातातला लाकडी हातोडा. सर्वोच्च न्यायालयात यातलं काही नसतं. सहसा दोन न्यायाधीश बसलेले असतात, समोर वकील उभे असतात आणि मधे कागद.

तिथे अपील घेऊन जाण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे संविधानाच्या कलम १३६ खालची 'विशेष परवानगी याचिका'. नावातच सगळं आलं. आधी अपील करायची परवानगी मागायची, आणि ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवणार. अशा बहुतेक याचिका पहिल्याच सुनावणीत, काही मिनिटांत बाद होतात.

मग गडग्याचा वाद दिल्लीला जाणार कधी? समजा, ज्याने पट्टी बळकावली असा आरोप आहे तो चुलतभाऊ म्हणाला, "बरं, जमीन मूळची तुझी असेल. पण बारा वर्षांहून जास्त काळ मी ती उघडपणे कसतोय आणि तू हूं की चूं केलं नाहीस. आता ती माझी झाली." कायद्यात याला 'प्रतिकूल कब्जा' म्हणतात. मालकाच्या हक्काला न जुमानता, उघडपणे आणि सलग बारा वर्षं कब्जा राहिला, तर मालकाचा दावा करण्याचा हक्क संपतो. आता प्रश्न असा, की हा कब्जेदार मालकाने दावा केल्यावर बचावात एवढंच म्हणू शकतो, की स्वतः कोर्टात जाऊन 'मला मालक ठरवा' अशी मागणीही करू शकतो? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी सांगितलं, फक्त बचावात. पुढे ७ ऑगस्ट २०१९ ला पंजाबातल्या रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात तीन न्यायाधीशांनी ते मत चुकीचं ठरवलं आणि सांगितलं, स्वतः दावाही करता येतो.

गडगा सरकला का, याचं उत्तर देवगडातच शोधावं लागतं. सरकल्यानंतर कायद्याने कोणाला कोणता हक्क मिळतो, हे दिल्लीने सांगितलं. मुलांना हा फरक एकदा नीट कळला की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

एकच पायली

जुन्या काळी भात पायलीने मापत. प्रत्येक घरची पायली वेगळी असती तर बाजारात रोज तंटे झाले असते. म्हणून शिक्क्याचं एक माप ठरलेलं असे आणि बाकीची मापं त्याच्याशी ताडून बघत. कायद्यातल्या शब्दांसाठी ते शिक्क्याचं माप सर्वोच्च न्यायालयाकडे असतं. कलम १४१ सांगतं की या न्यायालयाने जाहीर केलेला कायदा भारतातल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक आहे. पंजाबातल्या जमिनीवरून २०१९ साली जे ठरलं, ते देवगडच्या कोर्टाला दुसऱ्या दिवसापासून लागू होतं, ते यामुळे.

अशा कोर्टाने स्वतःच मत बदललं तर काय? त्यासाठी जास्त न्यायाधीशांचं खंडपीठ लागतं. दोघांचं मत तिघे बदलू शकतात, तिघांचं पाच जण. संविधानाच्या अर्थाचा मोठा प्रश्न असेल तर किमान पाच जण बसावेच लागतात. त्याला घटनापीठ म्हणतात.

थेट दिल्लीला जाता येतं का?

येतं. राज्याराज्यांतलं भांडण थेट तिथेच जातं. बेळगाव सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा दाखल केला तो याच वाटेने. सामान्य माणसासाठी दुसरं दार आहे, कलम ३२. मूलभूत हक्कावर घाला आला तर खालच्या कोर्टांच्या पायऱ्या न चढता सर्वोच्च न्यायालयात याचिका करता येते. असंच काम हायकोर्टही कलम २२६ खाली करतं, आणि व्यवहारात तेच जवळचं पडतं. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. आपल्या जिल्ह्यांतल्या मुलांना कलम ३२ शिकवताना हे आवर्जून सांगावं.

या दाराचा उपयोग काय, ते शाळेतल्या खिचडीवरून दाखवता येतं. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि सरकारी गोदामं मात्र धान्याने भरलेली होती. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेने कलम ३२ खाली याचिका केली. सन्मानाने जगण्याच्या हक्कात अन्न येतं की नाही, हा मूळ प्रश्न होता. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने हुकूम दिला, की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत मुलांना शिजवलेलं जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. मध्यान्ह भोजनाची योजना त्याआधीही होती, पण बऱ्याच राज्यांत कोरडं धान्य वाटलं जायचं. शाळेत चूल पेटली ती या आदेशामुळे. आज दहावीत बसलेल्या कितीतरी मुलांनी पहिली ते आठवी हेच जेवण खाल्लंय. सर्वोच्च न्यायालय लांब दिल्लीत आहे, त्याचा आपल्याशी काय संबंध, असं त्यानंतर कोणी म्हणत नाही.

बातमीतले फसवे शब्द

इथे थोडं थांबतो, कारण मोठ्यांचाही सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

'सुप्रीम कोर्टाने नोटीस बजावली' अशी बातमी आली की लोक म्हणतात, बघा, सरकारला दणका बसला. नोटीस म्हणजे फक्त दुसऱ्या बाजूला बोलावणं. तुमचं म्हणणं काय ते येऊन सांगा, एवढंच. 'स्थगिती दिली' किंवा 'जैसे थे ठेवा असं सांगितलं' म्हणजे कोणी जिंकलं असं नाही. खटला चालू असताना परत भरून न येणारं नुकसान होऊ नये म्हणून गाडी थोडा वेळ थांबवलेली असते. आंब्याची ती तीन कलमं तोडण्यावर स्थगिती आली तर कलमं वाचली, पण जमीन कोणाची ते अजून ठरायचं असतं.

'कोर्टाने ताशेरे ओढले' ही बातमी जपून वाचायची. सुनावणीत न्यायाधीश वकिलाला खोचक प्रश्न विचारतात, कधी दोन्ही बाजूंना विचारतात. युक्तिवाद तपासून बघायची ती रीत आहे. लेखी आदेशात ते वाक्य आलं नसेल तर त्याला आदेशाची किंमत नाही. टीव्हीवर मात्र तेच वाक्य दिवसभर फिरत राहतं.

आणि सगळ्यात मोठी गफलत म्हणजे 'याचिका फेटाळली, हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब'. वर सांगितलेली विशेष परवानगी याचिका कारण न देता एका ओळीत फेटाळली, तर त्याचा अर्थ हायकोर्टाचा निकाल बरोबर ठरला असा होत नाही. आम्ही हे अपील ऐकत नाही, एवढाच अर्थ होतो. २००० साली केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच हे स्पष्ट केलं. त्या दोन पक्षकारांपुरता वाद संपतो, पण देशासाठी नवा कायदा ठरत नाही. कायदा ठरतो तो कारणांसकट लिहिलेल्या निकालातून. म्हणून बातमी वाचताना मुलांना एकच प्रश्न विचारायला लावावा: कोर्टाने कारण लिहिलंय का, आणि काय लिहिलंय?

निवडून न आलेली माणसं संसदेचा कायदा कशी रद्द करतात?

वर्गातला हुशार मुलगा हा प्रश्न विचारतोच, आणि त्याला गप्प करू नये. खासदार लोकांनी निवडून दिलेले, न्यायाधीशांना कोणी मत दिलेलं नाही. मग वरचढ कोण?

उत्तर असं, की दोघांच्याही वर संविधान आहे. कलम १३ म्हणतं की मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. तो विरोधात जातो का, हे बघायचं काम कोर्टाकडे आहे. मग संसदेने संविधानच बदललं तर? हा प्रश्न २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सुटला. आजवरचं सर्वांत मोठं, १३ न्यायाधीशांचं पीठ बसलं होतं. निकाल लागला ७ विरुद्ध ६ असा, एका मताने. संसदेला संविधान दुरुस्त करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. लोकशाही, कायद्याचं राज्य, निष्पक्ष निवडणुका अशा गोष्टी पुढे या चौकटीत गणल्या गेल्या. दुसऱ्या बाजूने, कोर्टाच्या निकालाचा आधार बदलणारा नवा कायदा संसद करू शकते आणि अनेकदा करतेही.

न्यायाधीशांच्या नेमणुकीवरचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नावं सुचवतात, त्याला कॉलेजियम म्हणतात. हे बदलून आयोग नेमण्याची घटनादुरुस्ती २०१५ मध्ये कोर्टाने ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केली. सरकारच्या हातात नेमणुका जाऊ नयेत हे मला पटतं. पण जे कोर्ट बाकी सगळ्यांकडे लेखी कारण मागतं, त्याने एखाद्याला का निवडलं आणि एखाद्याला का वगळलं याचंही पुरेसं कारण लोकांसमोर ठेवलं पाहिजे.

तेच चुकले तर?

चुकतात. सर्वांत मोठं उदाहरण आणीबाणीतलं आहे. १९७५ मध्ये हजारो लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात होते. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की अशा कैद्यांना कोर्टात दाद मागता येईल. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी उलट निकाल दिला, की आणीबाणीत दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्यांनी आपलं वेगळं मत कारणांसह लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांमध्ये न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो १९७६ चा निकाल मोडीत काढला आणि खन्ना यांचं मत योग्य ठरवलं. वडिलांचा निकाल गंभीररीत्या चुकला होता असं लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचे चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत होतो, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. हरलेलं मत कागदावर का लिहून ठेवायचं, ते मुलांना यातून कळतं.

चूक दुरुस्त व्हायला ४१ वर्षं लागली, हेही लपवू नये. ज्यांनी तुरुंगात दिवस काढले त्यांना त्याचा काय उपयोग, असं एखादी मुलगी विचारते. तिचं म्हणणं खरं आहे.

गरिबाला परवडतं का?

दिल्लीचा वकील, गाडीभाडं, मुक्काम, आणि सगळा कारभार इंग्रजीत. ८० हजारांहून जास्त प्रकरणं प्रलंबित. अडचण खोटी नाही. पण दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, ओरोसला आणि रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करता येतो. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट प्रक्षेपित होतात, मोबाइलवर बघता येतात. आणि बरेच निकाल आता कोर्टाच्या संकेतस्थळावर मराठीतही मिळतात.

वर्गात काय करून बघावं

धडा वाचून दाखवण्याऐवजी एक खटला द्या आणि निकाल झाकून ठेवा. मुलांच्या वयाला चपखल बसणारा आहे १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला. केरळातल्या एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं राष्ट्रगीताला रोज शिस्तीत उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. हायकोर्टात ती दोनदा हरली. आता मुलांना दोन गटांत बसवा आणि प्रत्येकाला आपल्या बाजूची कारणं लिहायला सांगा. भावना नकोत, कारणं. कोणता नियम मोडला? तो कुठे लिहिलाय? कोणाचं नुकसान झालं?

पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक मुलं त्या भावंडांच्या विरोधात असतात. लिहायला बसली की गाडी अडते, कारण 'राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे' असा कायदा शोधूनही सापडत नाही. १९७१ चा कायदा राष्ट्रगीतात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा करतो. गप्प उभं राहणाऱ्याबद्दल तो काही बोलत नाही.

मग निकाल उघडा. हायकोर्टाने राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला आणि त्यात कोणाच्याही धर्माला खुपेल असं काही नाही, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रश्न तो नव्हताच. ती श्रद्धा आपल्याला पटते का हे बघायचं नाही, ती प्रामाणिकपणे पाळलेली आहे का हे बघायचं. मुलं आदराने उभी होती, म्हणजे अपमान झालेला नाही. आणि राष्ट्रगीत म्हणायला लावणाऱ्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचं पाठबळ नसेल, तर त्याच्या जोरावर मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. मुलांना शाळेत परत घ्या, असा आदेश झाला.

त्यानंतर दोन्ही गटांना आपापले कागद परत द्या आणि सांगा: हायकोर्टाने कोणता प्रश्न विचारला होता, सर्वोच्च न्यायालयाने कोणता विचारला, आणि तुम्ही कोणता विचारलात, तो एका ओळीत वर लिहा.